आबांचा अर्धा तास

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

हौसरावआबांचा आवाज जाणार आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी काल सांगितलं. घशात गाठ आहे आणि ती काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव राहील, बोलणं राहणार नाही. दहा मार्चला ऑपरेशन.

ही वही क्लासच्या पोरांची हजेरी घ्यायला आणली होती. पोरं मोजकीच, त्यातली निम्मी फुकट शिकतात, त्यामुळं पानं भरपूर शिल्लक आहेत. अम्मा म्हणते, माझ्यापाशी कॉम्प्युटरचं बोलू नको, माझं डोकं उठतं. मग बोलायचं कुणाशी? वहीशी.

आबा म्हणजे आमच्या भागातल्या कुस्त्यांचा आवाज. आमच्या वडगाव रासाईत असो, राहूला असो नाहीतर कारेगावला, मैदान भरलं की माईकवर हौसरावआबा. पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद, डाव, सगळं तोंडपाठ. माझे अब्बा इलाही पैलवान. त्यांची प्रत्येक कुस्ती आबांनीच पुकारली. अब्बांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी आबा मला अजून ‘इलाहीचं पोरगं’ म्हणूनच हाक मारतात. माझ्या दारावर ‘अक्रम कॉम्प्युटर क्लासेस’ असा दोन हाताचा बोर्ड लावलाय, तो त्यांना दिसत नाही.

तर कल्पना अशी. आबा जे जे मैदानात बोलतात ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं. एकेक ओळ सुटी. एप्रिलात गावच्या जत्रेला आबा नेहमीसारखे स्टेजवर बसतील, बोटानं खूण करतील, मी बटण दाबीन आणि कर्ण्यातून आबांचाच आवाज निघेल. टेपवर हे जमणार नाही. टेपवर पाहिजे ती ओळ शोधेपर्यंत पडलेला पैलवान कपडे घालून घरी जाईल.

अम्माला सांगितलं. ती हसली. हसू दे.

१४ फेब्रुवारी

आबांना सांगितलं. ते खोकल्यासारखं हसले. जत्रा कमिटीचे पोपटराव कालच येऊन गेले होते म्हणे. राहूचा एक नवीन निवेदक आहे, शेरोशायरी करतो, त्याला बोलवायचं चाललंय.

आबा म्हणाले, ‘मी जित्ता आसताना माझ्या मैदानात दुसरा बोलणार? शेर म्हणणार? पैलवान लढायचं सोडून वाहवा करत बसतील.’

‘मग बोला की आबा, हो म्हणा.’

‘व्हय तर. घे माझा आवाज. न्हाईतर डाक्टर फेकूनच देणार हाय.’

सोजरकाकी, म्हणजे आबांच्या मंडळी, दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘ह्यांचा आवाज त्या डब्यात ऱ्हाईल म्हंतोस?’

म्हटलं, ‘कायमचा राहील काकी.’

त्या आत दूध बघायला गेल्या. खूश झाल्या असणार.

१५ फेब्रुवारी

पहिला दिवस आणि पहिलीच फजिती. आबा बोलले झकास, पण ऐकायला लावलं तर मागं पंख्याची घरघर. कॉम्प्युटरच्या डब्यात पंखा असतो, तो माझ्या कानाला कधी जाणवलाच नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये आबा पिठाच्या गिरणीत उभे राहून बोलतायत असं वाटतं. एकेक ओळ तुकड्या-तुकड्यानं वाजवायची म्हटल्यावर प्रत्येक तुकड्याबरोबर घर्र सुरू, घर्र बंद. मैदान हसेल.

दुसरी गोम अशी की गावात लाईट असते तेव्हा शांतता नसते आणि शांतता असते तेव्हा लाईट नसते. लाईट आली की नदीकाठच्या मोटारी, खरीखुरी गिरणी, घरोघरचे टीव्ही, सगळं एकदम जागं होतं. त्यात उसाचे ट्रॅक्टर, वर डेक लावून गाणी. लोडशेडिंग सुरू झालं की गाव असं शांत होतं की बघत राहावं, पण तेव्हा कॉम्प्युटर नुसतं खोकं.

तिसरी गोष्ट आबांच्या घशाची. सकाळी उठल्यावर अर्धा तास आवाज नीट निघतो. मग फाटतो. दिवसाला अर्धा तास, त्याच्यातच सगळं बसवायचं.

१७ फेब्रुवारी

घरघर दाबायला डब्याभोवती गोधडी गुंडाळली. अम्माची जाड, दुहेरी. काय शांत झालं म्हणून सांगू. आबांनी लहान गटाच्या सगळ्या ओळी सांगितल्या, ‘म्होरली माणसं खाली बसा’पासून ‘बापाचं नाव सांग रं बाळा’पर्यंत. मी मनात म्हणतोय, अक्रम, क्लास काढायच्या आधी तू फॅक्टरीत उगाच नोकरी करत होतास.

मग वास आला. स्क्रीन निळी झाली आणि डबा बंद पडला. गोधडी काढली तर आतून तव्यासारखी धग. गरम हवा जाणार कुठं? आज घेतलेलं सगळं गेलं. आबांचा एक अर्धा तास मी भाजून खाल्ला. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात ते हेच.

आबा म्हणाले, ‘आसूं दे. पयल्या कुस्तीत पडलं म्हंजी पैलवान मरत न्हाई.’ पण त्यांचा आवाज तेवढ्यातच चिरला होता. मला लाज वाटली.

१९ फेब्रुवारी

विचार करून एक नियम केला. आबांनी सकाळी माझ्याकडं बोलायचं, बाकी दिवसभर मौन. आवाज साठवायचा. नाहीतर हे घरी जाऊन दिवसभर म्हशीपासून मुकादमापर्यंत सगळ्यांशी बोलणार आणि सकाळी मला फाटका आवाज मिळणार.

आबांनी कुरकुर केली. मग मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय. तसं डॉक्टर ‘जास्त ताण देऊ नका’ एवढंच बोलले होते, पण अर्थ तोच ना. काकींनाही नीट समजावलं. घरात आबांना काही विचारायचं नाही, त्यांना उत्तर द्यावंसं वाटेल असं बोलायचं नाही. काकींनी मान हलवली. ‘डाक्टरच म्हंतोय म्हणल्यावर काय’, म्हणाल्या.

काकींचं एक बरं आहे. वाद घालत नाहीत.

२२ फेब्रुवारी

मोठं काम झालं. पंख्याला बारा व्होल्टची तार जाते, तिच्या जागी पाच व्होल्टची जोडली. पंखा आता वडाच्या पानासारखा हळू फिरतो. डबा तापतो, पण अर्धा तास काढतो. तोसुद्धा मी शेजारच्या खोलीत ठेवला आणि माईकची लांब तार खिडकीतून घेतली. तर लांब तारेमुळं नवीनच गुणगुण यायला लागली. हे म्हणजे एक ढेकूण मारला तर दुसरा चावतो. शेवटी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या मीठ-पाणी ओतलं आणि गुणगुण गेली. अम्मा म्हणाली, कॉम्प्युटरला पाणी पाजणारा पहिला माणूस तू.

मौनाचा गुण आला. आजचा आवाज कालच्याहून मोकळा. ढाक, धोबीपछाड, घिस्सा, कलाजंग, सगळे डाव झाले. ‘कुस्ती चितपट’ तीन तऱ्हेनं घेतलं: एक लहान पोरासाठी, एक नामी पैलवानासाठी, एक गावच्या पैलवानासाठी. गावच्या पैलवानाचं म्हणताना आबा खुर्चीतून उठलेच.

२५ फेब्रुवारी

सोजरकाकींनी वैताग आणलाय. आबांबरोबर येतात ते ठीक. पण रेकॉर्डिंग सुरू झालं की काहीतरी काढून आत येतात. परवा चहा आणला, बांगड्या वाजल्या, ओळ वाया. काल शाल आणली, उन्हाचं शाल. आज तर कमाल. आबा नेमके राहूच्या मैदानातली जुनी गोष्ट सांगत होते आणि ह्या आत. म्हणे, ‘घराची चावी कुठं ठेवलीया?’ चावी त्यांच्याच कमरेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आबा म्हणाले, ‘आगं, तुझ्यापाशीच हाय की.’ काकी म्हणाल्या, ‘व्हय का? बरं.’ आणि तिथंच उभ्या राहिल्या. आणखी काही सांगतील म्हणून बघत. मी खुणेनं बाहेर जायला सांगितलं आणि तेवढा भाग कापून टाकला.

वय झालं, दुसरं काय. विसरायला लागल्यात.

२८ फेब्रुवारी

काकी आता बाहेर पायरीवर बसतात. तसं मीच सांगितलं. काल त्यांनी चिंचा फोडायला घेतल्या, ठक ठक ठक. म्हटलं काकी, आवाज आत येतो. आज गोधडी शिवायला घेऊन बसल्या. सुईला आवाज नाही, चालेल.

पोपटराव ऐकायला आले. त्यांना हेडफोन लावून ‘वडगावचा इलाही आला हो आखाड्यात’ ऐकवलं. ते मी आबांना माझ्यासाठी म्हणून बोलायला लावलं होतं. पोपटरावांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग नाक शिंकरून म्हणाले, ‘राहूवाल्याला न्हाई म्हणून कळवतो.’

म्हणजे जिंकलं. आता सगळ्या गावांची नावं, वजनगट, देणगीदारांचे आभार आणि शेवटची ओळ एवढंच राहिलं. शेवटची ओळ म्हणजे मैदान उठवायची. आबा दरवर्षी तीच म्हणतात, ‘मैदान संपलं. पावणं, जेवल्याबिगर गाव सोडू नका.’ ती ऐकल्याशिवाय वडगावात कुणी जागेवरून उठत नाही. आबा म्हणाले, ती सगळ्यात शेवटाला घिऊ.

निघताना काकी मला म्हणाल्या, ‘घरात मुका आन् तुझ्याकडं बोलका.’ मी म्हटलं, नियम पाळतात म्हणून तर हे जमतंय, काकी. सगळं तुमच्यामुळं.

३ मार्च, शुक्रवार

आज अम्मा माझ्यावर अशी तुटून पडली की लिहायलाही नको वाटतं. पण लिहितो.

अम्मा घरात आपल्या बोलीत बोलते. खरी रागावली की मराठीत येते. दुपारी ती आबांच्या घरून आली आणि चपलासुद्धा न काढता मराठीत सुरू झाली.

‘काय चालवलंयस तू? तिकडं दोघं समोरासमोर बसल्यात आन् ताट वाजवत्यात. भाजीत मीठ झालं जास्त तर हौसरावदादा ताटावर दोनदा टिचकी मारत्यात. पानी पायजे तर एकदा. सोजरवैनी मला म्हंती, ते सकाळी काय बोलले गं अक्रमपाशी, तुला काय सांगितलं का त्यानं? नवऱ्यानं काय सांगितलं ते ती मला इचारती. मला.’

मी म्हटलं, ‘अम्मा, हे थोड्या दिवसांचं आहे. त्यांच्यासाठीच चाललंय. आवाज कायमचा राहणार आहे.’

‘कुणाचा आवाज? म्होरली मानसं खाली बसा, ह्यो? ह्यो घरात कुणाला पायजे?’

‘गावाला पाहिजे.’

‘गावाला दुसरा मिळंल. तुझे अब्बा गेले त्या सकाळी माझ्यासंगं भांडून गेले. कशावरनं भांडलो ते बी आठवत न्हाई मला. पाच वर्सं आठवतेय. मला कुणी एक दिस बोलायला दिला आसता ना, आन् मधी कुणी तुझ्यासारखा डबा घिऊन बसला आसता, तर त्या डब्याला मी चुलीत घातलं आसतं.’

मग ती रडली आणि आत गेली. अब्बांच्या भांडणाचं मला कधी माहीत नव्हतं.

४ मार्च

अम्मा भावनेच्या भरात बोलली. बाईमाणसाला मैदान काय असतं ते माहीत नाही. आमच्याकडं बाया कुस्त्यांना जात नाहीत. आबांना स्वतःलाच हे पाहिजे आहे. त्यांनी हो म्हटलंय. मी कुणावर जबरदस्ती केलेली नाही.

आज देणगीदारांचे आभार झाले. आबा मध्येच थांबून दाराकडं बघत होते. दोनदा ओळ चुकली. मी म्हटलं, आबा, इकडं लक्ष. त्यांनी लक्ष दिलं.

अम्मा माझ्याशी बोलत नाही. तिनेही मौन धरलंय.

६ मार्च

काल रात्री डीपी जळाला. गावाला करंट देणारा ट्रान्सफॉर्मर गेला की चार-सहा दिवस कुणी विचारत नाही. सगळं गाव शिव्या देतंय आणि मी एकटा खूश. कारण पोपटरावांनी ट्रॅक्टरची बॅटरी दिली, ती मी यूपीएसला जोडली. लाईट नसली की यूपीएस शिट्टी मारतो, ती शिट्टीसुद्धा खोलून काढून टाकली. आता गाव बंद आणि माझा डबा चालू. आयुष्यात पहिल्यांदा लाईट आणि शांतता एकाच वेळी, एकाच खोलीत.

उद्या शेवटची ओळ. परवा आबांना पुण्याला न्यायची तयारी, नऊला दाखल.

७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सलग लिहून काढतो.

आबा आले, काकी पायरीवर बसल्या. मी हेडफोन लावला. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मोटारी नाहीत, गिरणी नाही, पंख्याचा आवाज नाही. आबांनी ‘एक, दोन, तीन’ म्हणून बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी शाळेत असताना मैदानात ऐकलेला, तो आवाज. इतक्या दिवसांत असा निघाला नव्हता.

मी बोट वर केलं. आबांनी दम घेतला. त्या वेळी मला हेडफोनमध्ये बाहेरचा बारीक आवाज आला. गोधडीतून दोरा ओढल्याचा. सर्र, थांब, सर्र. आणि आबांनी दम घेतला तसा तो थांबला.

आधी वाटलं, शहाण्या आहेत काकी, आवाज नको म्हणून हात थांबवला. मग माझ्या लक्षात आलं की त्या ऐकायला थांबल्या आहेत. रोज अशाच थांबत असणार. नवरा दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं त्या भिंतीपलीकडून ऐकतात, आणि तेही पोपटरावांचे आणि देणगीदारांचे आभार. चहा, शाल, चावी, सगळं मला एकदम समजलं. मला स्वतःचा इतका राग आला की बोट खाली आलंच नाही.

आबा म्हणाले, ‘काय झालं रं? बोलू का?’

मी हेडफोन काढला. म्हटलं, ‘आबा, मौन डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.’

‘म्हंजी?’

‘डॉक्टर म्हणाले ताण देऊ नका. बोलू नका असं म्हणाले नव्हते. मला सकाळी चांगला आवाज पाहिजे होता.’

आबा खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, ‘म्हंजी मी इतकं दिस हिच्याम्होरं ताट वाजवतोय ते तुझ्यापायी?’

‘हो.’

‘मी मनात म्हंतोय, चार शब्द बोललो तर गाठ वाढंल, मरंन. आन् ही रडती तिकडं तोंड करून, मला दिसतंय, आन् मी गप. तुझ्यापायी?’

मी हेडफोनची तार गुंडाळायला लागलो.

‘तुझ्या बापानं तुला ल्हानपणीच आपटायला पायजे हुतं’, आबा म्हणाले आणि उठले. दाराकडं बघून म्हणाले, ‘आगं ए, आत ये. न्हाई, थांब, मीच येतो.’

बाहेरून काकी घाबरून म्हणाल्या, ‘आवं, बोलू नगा. डाक्टर रागावंल.’

‘डाक्टर हितं पाटावर बसलाय, मान खाली घालून. चल घरी.’

उंबऱ्यात आबा थांबले. रागातसुद्धा मैदान सुटत नाही त्यांना. म्हणाले, ‘आन् शेवटची ओळ? ती न्हाई घेतली तर मैदान उठंल कसं?’

आवाज अजून चांगला होता. एकच ओळ, पाच सेकंदांचं काम. म्हणून बघितलं असतं तर आबा बोललेही असते, मला माहीत आहे. म्हटलं, ‘उठेल आबा. तुम्ही जावा.’

दोघं बोळातून गेले. आबा बोलत होते, काकी नुसत्या चालत होत्या, हातात अर्धी शिवलेली गोधडी तशीच. मी कॉम्प्युटर बंद केला. बॅटरी अजून भरलेली होती.

८ मार्च

आमचा ओटा आणि आबांचा ओटा पाठीला पाठ. आज दिवसभर ओट्यावरून त्यांचा आवाज येत होता. हळू बोलले की आबांचा आवाज अर्ध्या तासात फाटत नाही, दिवसभर टिकतो. मला हे माहीतच नव्हतं. मी त्यांना कायम ओरडायलाच लावत आलो.

काय बोलतात ते कळत नव्हतं, फक्त म्हशीला पेंड किती घालायची ह्यावरून झालेलं भांडण कळलं. काकी चढ्या आवाजात होत्या. वाद घालत नाहीत असं मी मागं लिहिलंय. ते पान वाचून मलाच हसू आलं.

पोपटराव विचारायला आले, शेवटची ओळ घेतली का? म्हटलं, बॅटरी उतरली. ते म्हणाले, दुसरी देतो. म्हटलं, नको.

अम्मानं जेवायला वाढताना विचारलं, ‘भाजी कशी झालीया?’ मराठीतच. पण राग नव्हता.

१० मार्च

ऑपरेशन झालं. आबा शुद्धीवर आहेत. काकी तिथंच आहेत.

२८ मार्च

आबा घरी आले. गळ्याला समोर भोक, त्यावर पातळ ओला रुमाल. तिथूनच श्वास घेतात. मला बघून त्यांनी ओठ हलवले. आवाज नाही, नुसती हवा. मी ओठांवरून ओळखलं, ‘इलाहीचं पोरगं’. मग मला तिथं बसवेना. अम्माचं काम आहे सांगून निघालो.

१८ एप्रिल

आज जत्रेचं मैदान झालं.

आबा स्टेजवर, पांढरा फेटा, गळ्याला रुमाल. शेजारी मी आणि कॉम्प्युटर. पहिली जोड लागली, आबांनी बोट उचललं, मी बटण दाबलं, आणि कर्ण्यातून ‘म्होरली माणसं खाली बसा’ असं आलं. सगळं मैदान एकदम गप्प झालं आणि मग म्होरली माणसं खरंच खाली बसली. हलगीवालासुद्धा वाजवायचा थांबला होता, त्याला आबांनी हातानं सांगितलं, वाजव.

चुका झाल्या. एकदा दोघं अजून झुंजत होते आणि मी चितपट करून टाकलं. पब्लिक हसलं, आबांनी माझ्या डोक्यात टपली मारली. एका नवीन पैलवानाचं नाव आमच्याकडं नव्हतंच, त्याला नुसतं ‘कारेगावचा पैलवान’ म्हणून चालवलं. पण चाललं. माणसं मला येऊन सांगत होती, डोळे मिटले तर काहीच बदललेलं नाही.

शेवटची कुस्ती संपली. बक्षीस दिलं. आणि माणसं बसून राहिली. फटाका वाजला तरी कुणी उठेना. सगळे कर्ण्याकडं बघत होते. पोपटराव माझ्याकडं बघत होते. आबा माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या तोंडावर थोडी मजा होती, बघू आता काय करतोस अशी.

मी माईक घेतला. माझा आवाज कसा असतो ते मला माहीत आहे, बोळात भाजी विकायलाही चालणार नाही. म्हटलं, ‘मैदान संपलं. पावणं, जेवल्याबिगर गाव सोडू नका.’

कुणीतरी ओरडलं, ‘आबांचं लाव की.’ मी म्हटलं, ‘तेवढं नाही घेतलं.’ मागची थोडी माणसं हसली, मग सगळी अंग झटकत उठली.

२० एप्रिल

सकाळी सोजरकाकी क्लासवर आल्या. एकट्याच. खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्यानंच कॉम्प्युटरकडं बघत राहिल्या. मग विचारलं, ‘लई हाय का ह्यात त्यांचं?’

‘पुष्कळ आहे काकी. ऐकता?’

‘नगं. परवा घरातनं ऐकलं की. कर्ण्यातनं.’

मी बरेच दिवस जे म्हणायचं ते म्हणून टाकलं. ‘काकी, ह्याच्यात तुमच्यासाठी काही नाही. तुमच्याशी बोललेलं जे आलं होतं ते मी कापून टाकलं. मला कळलं नाही.’

‘मला ठावं हाय’, त्या म्हणाल्या. ‘तू तवा लई गडबडीत हुतास.’

ह्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसत राहिलो. मग न राहवून विचारलं, ‘त्या दोन दिवसांत आबा काय काय बोलले?’

काकी हसल्या. तोंडाला पदर लावून, पोरीबाळी हसतात तसं. ‘तुला कशापायी पायजे? डब्यात घालायला?’

‘नाही, सहज विचारलं.’

‘लई बोलले. म्हशीचं बोलले, पोरीच्या लग्नाचं बोलले, त्यांच्या आईचं बोलले. बाकी न्हाई सांगायची.’

‘नका सांगू.’

आबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून त्या निघाल्या. दारापर्यंत गेल्या आणि तिथं चौकटीला धरून उभ्या राहिल्या. माझ्याकडं न बघता, बाहेर बघत म्हणाल्या, ‘अख्ख्या मुलखाची नावं घेतली त्यांनी माईकवर. माझं कवा घेतलं न्हाई. आपल्यात घेत न्हाईत. पुण्याला निघायच्या सकाळी घेतलं. सोजरा म्हणाले. दोनदा म्हणाले.’

आणि गेल्या.